गेलेल्या पानांचा रंग

लिंकला मुळात रंग लागतोच कशाला, असं भर मीटिंगमध्ये विचारणाऱ्या माणसाचं नाव आम्ही रंगारी ठेवलं होतं. आमची कंपनी ब्राउझर बनवते. इंटरनेटवर तुम्ही ज्या खिडकीतून बघता ती खिडकी. त्या खिडकीत न उघडलेली लिंक निळी दिसते आणि उघडून आलेली जांभळी. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय, कुणाचं काही बिघडलेलं नाही. पण रंगारी नवा होता, आणि नव्या माणसाला काहीतरी बिघडवल्याशिवाय आपण कामावर लागलोय असं वाटत नाही.

"जांभळा घाण दिसतो," तो म्हणाला. "सगळ्या लिंका एकाच राखाडी रंगात घेऊ. गेलेली असो, न गेलेली असो. कसं शांत वाटेल."

"शांत तर स्मशानातही वाटतं," मी म्हणाले. "माणसाला आपण कुठे जाऊन आलो हे कळायला नको?"

"ते त्याच्या लक्षात असतं."

"तुझ्या असेल. माझ्या नसतं. दहा पानं हिंडलं की मी अकराव्यांदा पहिल्यावरच जाऊन बसते."

सगळे हसले. मी हसवण्यासाठी बोललेच नव्हते. हे काम मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही, मोडून मोडून शिकले, त्यामुळे वाट चुकणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे. रंगारी म्हणाला, मॅडम, तुम्ही भावनिक होताय. बाईचं म्हणणं पटलं नाही की ती भावनिक होते. पुरुष त्याच आवाजात ओरडला तर त्याला तळमळ म्हणतात.

मीही मग माझं घोडं पुढे दामटलं. माझ्या दोन सूचना होत्या. तुम्ही ज्या पानावर उभे आहात त्याच्या नावाशेजारी पिवळी पट्टी दिसावी, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल. आणि त्या पानाची लिंक मारून टाकावी, नुसती अक्षरं ठेवावीत. आहोत तिथेच जायला लिंक कशाला? हे मी करूनही टाकलं होतं, चाचणीसाठी माझ्या लॅपटॉपवर चालूही होतं. मला त्याचा अभिमान होता.

चाचणीला मी नवऱ्याच्या खात्याची साइट वापरायची. तो पाणीखात्यात चावीवाला. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरून, लांब लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवून, या भागाचं पाणी बंद, त्या भागाचं सुरू असं करणारा माणूस. त्यांची साइट म्हणजे एकाखाली एक लावलेल्या उघड्यावागड्या लिंका. सगळ्यात वर टाकी, मग एकेक चेंबर, अगदी तळाला घरं. पाणी जसं उतरतं तशी. एका चेंबरचं एक पान, त्यावर एक अंधारा फोटो. रंगीत सजावट काही नाही, त्यामुळे लिंकेचा रंग तपासायला एकदम फक्कड. "आमच्या साइटला तेवढं तरी गिऱ्हाईक मिळालं," नवरा म्हणायचा. मी पहिलं पान तेवढं उघडायची. आतली पानं कधी उघडली नाहीत. चेंबरचे फोटो बघण्याची कुणाला हौस असते?

मग एका चेंबरमध्ये उतरल्यावर तो वर आला नाही. खालची हवा वाईट होती. त्याला वर काढलं तेव्हा श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते. त्याचा फोन खाली पाण्यातच राहिला. तेव्हापासून तो दवाखान्यात, तोंडात नळी, शेजारी श्वास देणारं यंत्र. डॉक्टर म्हणाले, वाट बघायची. कशाची ते म्हणाले नाहीत. मला अर्धवट बोलणाऱ्यांचा राग येतो.

मी दुपारी त्याच्याजवळ बसून काम करायला लागले. त्या खोलीत दुपार फार लांब असायची. पडदे पिवळट, त्यातून गाळून येणारा उजेड जमिनीवर साचायचा आणि हळूहळू पलंगाच्या पायांपर्यंत चढायचा. यंत्राचा सुस्कारा ऐकू यायचा. कधीकधी मला डुलकी लागायची आणि जाग आली की उजेड होता तिथेच असायचा.

माझी नणंद दुपारचं दुकान बंद करून यायची. तिची लाँड्री आहे. ती आली की खोलीत इस्त्रीचा वास यायचा. आल्याआल्या ती भावाच्या अंगावरची चादर चिमटीत धरून बघायची.

"ही कोण धुतं गं? धड पिळलेलीही नाही."

"ताई, ती दवाखान्याची आहे."

"दवाखान्याची म्हणून काय झालं? अंगावर माझ्या भावाच्या आहे ना!" मग त्याच्या कानाशी वाकून, "ऊठ रे आता. बायको बघ कशी झालीय तुझी. भुतासारखी. आधीही काही अप्सरा नव्हती म्हणा."

मला तिचं हे असलं बोलणं आवडायचं. खोलीत तेवढंच खरं काही होतं.

जांभळी लिंक पहिल्यांदा मी बघितलीच नाही, तिने बघितली. माझ्या मागे उभी राहून ती कपडे घड्या करत होती.

"बाकीचं निळं आहे, मग खालचं हेच जांभळं का?"

मी बघितलं. तो ज्या चेंबरमध्ये उतरला होता, त्याची लिंक.

"तिथे कुणीतरी जाऊन आलंय," मी म्हणाले.

"कोण?"

"मी नाही."

"याच्या खात्याचं आहे ना हे? मग हाच गेला असेल." ती सहज बोलून गेली. मग तिचे हात घडीवर थांबले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. चूक माझ्या कामात असेल म्हणून शोधायला बसले. हिस्ट्री बघितली, त्यात ते पान नव्हतं. सगळी हिस्ट्री पुसली. लिंक निळी झाली, आणि माझ्या डोळ्यांदेखत, कागदाला शाई लागावी तशी, पुन्हा जांभळी झाली. पानालाच विचारायचा उपाय नव्हता. ब्राउझर पानाशी मुद्दाम खोटं बोलतो. नाहीतर कुठलीही साइट तुम्ही कुठे कुठे हिंडलात ते हुंगत बसेल. पानाने विचारलं तर एकच उत्तर मिळतं: सगळं निळं आहे. खरा रंग फक्त समोर बसलेल्या डोळ्यांसाठी. हा नियम चांगला आहे, आम्हीच पाळतो. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वरचा चेंबर जांभळा झाला. मग त्याच्या वरचा. आणि माझी पिवळी पट्टी, जी मी उघडलेल्या पानाशेजारी असायला हवी होती, ती त्या चेंबरांशेजारी दिसायला लागली. मी पहिल्याच पानावर होते. त्या चेंबरांत मी नव्हते.

मी पट्टीवर नजर ठेवून बसले. ती सरकली की पलंगावर त्याचा उजवा हात मनगटातून वळायचा, जड काहीतरी फिरवल्यासारखा. नर्सला सांगितलं. ती म्हणाली, असे झटके येतात, त्यात अर्थ शोधू नका.

मी शोधला. तो वर चालला होता. घरांपासून दूर, पाण्याच्या उलट, टाकीकडे.

"ताई, हा परतीच्या वाटेला नाहीये," मी म्हणाले.

नणंदेने मला वेडी म्हटलं नाही. तिने खुर्ची ओढली आणि चष्मा लावला. "लहानपणीही असाच. बाजाराला पाठवला की भलतीकडेच निघायचा. पण यायचा. उशिरा का होईना, यायचा. आलेल्या रस्त्याने परत यायचा, दुसरा रस्ता घ्यायचा नाही."

पट्टी टाकीपाशी पोचली. टाकीच्या वर काही नसतं. पाणी तिथूनच सुरू होतं. दुसऱ्या दुपारी मी साइट उघडली तर टाकीच्या वर आणखी ओळी होत्या. त्यांना नावं नव्हती. प्रत्येकीवर नुसतं लिहिलं होतं: पुढे. पुढे. पुढे. काही निळ्या, काही जांभळ्या, एकीजवळ पट्टी.

आता तो भटकत होता. पट्टी एका ओळीवर जायची, थांबायची, मागे वळायची. पण मागे येताना ती न चुकता जांभळ्या ओळीवरूनच यायची. पुढे वाट संपली की जांभळा धरून मागे, मग नव्या निळ्यावर. तो रंग बघून चालत होता. कुठून आलो हे त्याला रंगावरून कळत होतं. मला रडू आलं. मीटिंगमध्ये मी घसा फोडून हेच सांगत होते.

त्याच आठवड्यात रंगारीची राखाडी मंजूर झाली.

आमच्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर नवा ब्राउझर दुपारी आपोआप उतरतो. माझ्या मांडीवरच उतरला. खिडकी लुकलुकली आणि सगळ्या ओळी एकाच रंगाच्या झाल्या, धुक्यासारख्या. पट्टी थबकली. मग वेड्यासारखी वरखाली फिरायला लागली. पलंगावर त्याची मान ताठ झाली. यंत्र शिटी मारायला लागलं, नर्स धावत आली, नणंदेला बाहेर काढलं. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून फोन लावला.

"राखाडी मागे घे. आत्ताच्या आत्ता."

"अहो, वरून मंजुरी आलीय," रंगारी म्हणाला.

"वर कोण बसलंय, देव? मागे घे म्हणते ना!"

"मॅडम, लिंकांचे रंग आहेत हो. कुणी मरणार नाहीये त्याने."

मी फोन ठेवला. त्याला शिव्या द्यायला वेळ नव्हता, त्या मी नंतर दिल्या. लॅपटॉपचं इंटरनेट तोडलं, नवा ब्राउझर उपटून टाकला, माझ्याकडची जुनी आवृत्ती टाकली आणि इंटरनेट पुन्हा जोडलं. जांभळा परत आला. पट्टी हळू झाली. शिटी थांबली. नर्सने माझ्याकडे असं बघितलं, की नवरा मरतोय आणि ही बाई लॅपटॉप घेऊन बसलीय. बघू दे.

पण त्या गोंधळात तो भलत्याच ओळीवर जाऊन पोचला होता, सगळ्यात वरच्या. तिथे "पुढे" असं लिहिलेलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं: ही खोली.

पट्टी तिथे थांबली ती थांबलीच. हात वळायचा बंद झाला. बोटं गार पडत गेली. डॉक्टर आले, टेबलाला टेकून उभे राहिले, आणि म्हणाले की आता यंत्र चालू ठेवण्यात किती अर्थ आहे याचा विचार घरच्यांनी करावा, उद्या सकाळी सांगावं.

"विचार तुम्ही करा," नणंद म्हणाली. "तुम्हाला त्याचा पगार मिळतो."

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक. "तू जाऊ शकतेस का तिथे?"

मी आजवर आतलं एकही पान उघडलं नव्हतं. भीती एकच होती. माझ्या जाण्याने त्याच्या खुणा पुसल्या गेल्या तर? पण उद्या सकाळपर्यंतच वेळ होता, आणि गेलेलं पान जांभळंच राहतं, कुणीही गेलं तरी.

मी तळापासून सुरुवात केली.

पहिला चेंबर. ओल्या भिंती, व्हॉल्व्हचं चाक, वरून पडलेला उजेडाचा गोल. मग दुसरा. तिसरा. फोटो साधे होते, खात्यातल्या कुणीतरी घाईत काढलेले. टाकीचा फोटो वरून काढलेला होता, पाणी काळं आणि इतकं स्थिर की त्यात ढग जास्त स्पष्ट दिसत होते.

मग "पुढे".

पायऱ्या, उतरत गेलेल्या, घोटाभर पाण्यात.

एक लांब बोळ. दोन्ही बाजूंना दारं, सगळी किंचित उघडी. दारांच्या फटींतून आमच्या खोलीतल्या पडद्यासारखा पिवळट उजेड.

एक चेंबर, आत गुडघ्याएवढं गवत. सूर्य नसताना हिरवंगार, आणि सगळं एकाच बाजूला झुकलेलं, नुकतंच कुणीतरी चालून गेल्यासारखं.

एक स्वयंपाकघर, नळ चालू. फोटोत आवाज नसतो. मला तो ऐकू येत होता.

नणंद मागून बघत होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, मग तो हलका होत गेला. शेवटी आहे की नाही ते कळेना.

शेवटचं पान उघडलं.

लहानशी खोली. एक खुर्ची. तीवर तो पाठमोरा बसलेला. त्याची चावी भिंतीला टेकवलेली. फोटोखाली एकच ओळ: ही खोली. शेजारी माझी पिवळी पट्टी. आणि ओळ काळी. नुसती अक्षरं.

मागे जायचं बटण फिकट पडलं होतं.

त्या पानावर बाहेर पडायला एकच लिंक होती, ती त्याच पानाची. तीच मी मारून टाकली होती. आहोत तिथेच जायला लिंक कशाला, असं मोठ्या तोऱ्यात म्हणून.

मी माझा कोड उघडला. हात इतके गारठले होते की बोटं कुठे पडताहेत ते बघून टाइप करावं लागत होतं. माझा नियम काढला.

ओळ निळी झाली. खाली रेघ आली.

मी दाबली.

पुढचं मला नीट आठवत नाही. ओल्या लोखंडाचा वास. पायांना पाणी. फार दमल्यासारखं वाटलं आणि बसावंसं वाटलं.

"अगं ऊठ! ऊठ!" नणंद मला गदागदा हलवत होती. "हात वळला त्याचा!"

उजेड पलंगाच्या पायाशीच होता. लॅपटॉपच्या पडद्यावर लिंका होत्या आणि त्याचा हात वळत होता, पुन्हा, पुन्हा, उतारावरून धावत येणाऱ्या माणसासारखा. मी पडद्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत राहिले. उजेड संपायच्या आत त्याने डोळे उघडले.

नणंदेने त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याला धरून ओक्साबोक्शी रडली.

घरी आल्यावर तो भराभर सुधारला. जेवायला लागला, चालायला लागला, बहिणीशी भांडायला लागला. फक्त माझ्याशी जपून बोलायचा. मी खोलीत आले की सरकून जागा करून द्यायचा. एकदा तर "तुम्ही बसा ना" म्हणाला. मग स्वतःच दचकला.

मी विचारलं, "तिथलं काही आठवतं का रे?"

"तू आलीस," तो म्हणाला. "म्हणालीस, ऊठ, मी बसते थोडा वेळ."

"मी असं म्हणाले?"

"मग मी उठलो." बराच वेळ तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, ओळखीचं काही सापडतंय का ते बघितल्यासारखा. "तू मागोमाग येशील असं वाटलं होतं."

त्या दिवशी मी साइट उघडली. पट्टी अजून "ही खोली" पाशी होती.

जुनी आवृत्ती मी पुसायला निघाले होते. त्याने लॅपटॉप काढून घेतला. रागाने नाही, पण घट्ट धरून. तेव्हापासून दुपारी तो खिडकीपाशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. नणंद येते, शेजारी खुर्ची ओढते, चष्मा लावते. ती आता माझी थट्टा करत नाही. माझे कपडे मात्र नेते, धुऊन, इस्त्री करून आणते आणि कपाटात वेगळे ठेवते. मला म्हणते, तू हे घालू नकोस, राहू देत.

आज मी त्याचं ताट घेऊन गेले. तो लॅपटॉपवर वाकला होता. मी दारात थांबले, कारण तो बोलत होता, हळू, लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्याशी बोलायचा त्या आवाजात.

"जेवलीस का? पायाला गार लागतंय ना? ती नको, ती निळी आहे. जांभळ्यावरून ये. हळू ये, घाई नाही."

पट्टी टाकीच्या खाली आली होती. आमच्या घराच्या वर आता थोडेच चेंबर उरले होते.

त्याने मान वळवून मला बघितलं, आणि परक्या माणसासमोर मिटतात तसा लॅपटॉप मिटला.